शारजातली उम खलील आणि माझ्या रानातली पायवाट

लोक म्हणतात, आक्का दुबईला जाऊन आली. दुबई मी दोनदा बघितली, तीबी जास्त करून गाडीच्या काचेतनं. राहिले ती शारजात, माझ्या संजयकडं, दोन महिने. येऊन आता तिसरा महिना चाललाय. संध्याकाळी ओट्यावर बसलं की बाया म्हणतात, तिकडचं सांग. सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून लिहिते. तिसरी शिकले हाय, सावकाश लिहिते.

बाहेरच्या माणसाला आधी आमची वसाहत सांगायला पायजे. आमचं मूळ गाव डोंगरात होतं, ते धरणात गेलं. सरकारनं आमाला उठवलं आणि लांब खाली सपाटीला आणलं. तिथल्या गावकऱ्यांच्या जमिनी काढून आमाला वाटून दिल्या. चाळीस वर्षं होत आली त्याला. अजून ते गाववाले आणि आमी वसाहतवाले.

मी निघायच्या आधी वसाहतीला भिंत घालायचं ठरलं, गाववाल्यांच्या बाजूनं. ती माझ्या रानाच्या कडेनं जायची. तिथनं एक पायवाट आत येते. माझ्या रानात आधीच्या मालकाच्या घरातल्या तीन समाध्या हायत. त्यांच्यात माणूस गेला की रानातच माती देतात. दर अवसेला त्यांच्यातली एक बाई त्या वाटेनं येते, दिवे लावते, जाते. भिंत झाली की वाट बंद. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी तेवढी राहिली होती. माझे धाकटे दीर उत्तम भाऊजी वसाहतीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "वहिनी, तुमी खुशाल जाऊन या. कागद मी संजयच्या मोबाईलवर पाठवतो." मी बरं म्हणलं. त्यात काय वावगं हाय असं तवा मला वाटलंच न्हाई.

रोल्ला

संजय राहतो त्या भागाला रोल्ला म्हणतात. सहावा मजला. खाली उतरलं की सगळी आपलीच माणसं वाटतात. केरळवाल्याच्या दुकानात जवारीचं पीठ, कढीपत्ता, कुंकवाचा करंडा, सगळं मिळतं. कोपऱ्यावर एका पठाणाची भट्टी हाय. एवढी मोठी रोटी, परातीएवढी, कागदात गुंडाळून देतो. संजय म्हणाला, "एक दिरहम. म्हणजे तेवीस-चोवीस रुपये." मी म्हणलं, "चोवीस रुपयाला एक भाकरी?" पठाणाला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं आणखी एक रोटी वर ठेवली आणि म्हणाला, "अम्मा का." पैसे घेतलेच न्हाईत. पुढं मी रोज गेले आणि रोज पैसे दिले, पण त्या पहिल्या रोटीची चव काय विसरत न्हाई.

संजय हमरियाला कामाला जातो. समुद्राकडंला कारखान्यांची जागा हाय, तिथं लोखंडी टाक्या बनवतात. आधी वेल्डिंग करायचा, आता फोरमन झालाय. अजून उजेड व्हायच्या आधी कंपनीची बस येते. सून मनीषा डबे करते. नात आर्या दहा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. "जेवलीस का गं?" तर म्हणते, "ऑलरेडी." मी पण शिकले. मला कोणी चहा विचारला की म्हणायचे, "ऑलरेडी."

एका रविवारी मनीषा मला सोनापूरला घेऊन गेली. मुहैस्नाह म्हणून भाग हाय, तिथं कामगारांचे कॅम्प. आपल्या जिल्ह्यातली माणसं तिथं हायत, त्यांच्यासाठी ठेचा आणि भाकरी नेली होती. आत बायकांना सोडत न्हाईत, ती माणसंच गेटावर आली. बांधकामावरची माणसं, हातांना सिमेंट खाल्लेलं. एका खोलीत आठ जण झोपतात म्हणाली. एकानं भाकरीचा वास घेतला आणि तशीच पिशवीत ठेवली. "खा की," म्हणलं, तर म्हणाला, "आक्का, आता खाल्ली की संपली." मला आमचे पत्र्याचे शेड आठवले. धरणातनं उठवल्यावर पहिली दोन वर्षं आमी पत्र्यातच काढली. उन्हाळ्यात आत बसवत न्हाई, बाहेर सावली न्हाई. पण आमी आमच्या माणसांत तरी होतो.

पाचवा मजला

उम खलीलची ओळख लिफ्टमुळं झाली. भट्टीवरनं आले, सहा दाबायचं ते पाच दाबलं. तिथं सगळे दरवाजे एकसारखे. बाहेर चपला, दार उघडं, मी आपली आत गेले. एक म्हातारी खाली सतरंजीवर बसून मोठ्या परातीत हिरवा पाला निवडत होती. मला वाटलं मनीषानं कुणाला तरी बोलावलंय मदतीला. मी रोटी बाजूला ठेवली, बसले, आणि पानं खुडायला लागले. ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघते, दोघींचे हात चालू. अर्धी परात झाली तवा ती म्हणाली, "हबीबती, तुम कौन?"

मी वर बघितलं. भिंतीवर मक्केचं चित्र. मी उठायला लागले तर तिनं हात धरला. "बैठो. काम आधा है."

ती पॅलेस्टाईनची. नाव समीहा, पण सगळे उम खलील म्हणतात, म्हणजे खलीलची आई. आपल्याकडं संज्याची आई म्हणतात तसंच. मला ती उम संजय म्हणायला लागली. रोल्लातच तिचं शिवणकामाचं दुकान होतं पंचवीस वर्षं, कामाला बिहारी कारागीर, म्हणून मोडकं हिंदी येतं. माझं हिंदी तिच्याहून मोडकं. पण दोन मोडकी हिंदी एकत्र आली की चांगलं चालतं, कोणी कुणाची चूक काढत न्हाई. नवरा गेलेला, मुलगा अबुधाबीला, आठवड्याला येतो.

त्या पाल्याचं ती कोंबडी घालून कालवण करते. मला तिनं बिनकोंबडीचं वेगळं केलं, लसूण घालून. बुळबुळीत लागतं, भेंडीसारखं, पण भाताबरोबर छान. मी तिला पिठलं करून दिलं. तिनं वर ऑलिव्हचं तेल ओतलं. मी म्हणलं, "पिठल्याचं वाटोळं केलंस." मग खाऊन बघितलं. वाटोळं झालं नव्हतं.

एक दिवस तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. डोंगर, डोंगराच्या माथ्यावर लाल छपरांची नवी घरं, खाली कुंपण, आणि उतारावर करड्या रंगाची ऑलिव्हची झाडं. नाब्लुस म्हणून शहर हाय, त्याच्या जवळचं तिचं गाव. ती झाडं तिच्या वडलांची. लाल घरात राहतात ते यहुदी लोक, बाहेरनं येऊन राहिलेले. आधी फळं उतरवायला वर्षातनं दोन दिवस तिथलं लष्कर सोडायचं. आता तेबी सोडत न्हाई, असं तिचा भाऊ सांगतो. ती बोटानं एक एक झाड दाखवत होती, गुरांची नावं सांगावीत तसं.

आर्या माझ्याबरोबर आली होती, तिला विचारलं, त्या लाल घरांना काय म्हणतात गं? ती म्हणाली, "सेटलमेंट. आपल्या गावाला पप्पा वसाहत म्हणतात ना, तसं."

 उम खलीलनं विचारलं, "तुम्हारा गाँव?" मी सांगितलं, धरणात गेलं. घर गेलं, देऊळ गेलं, चिंचेची झाडं गेली. पाणी वर चढताना आमी टेकडीवरनं बघत होतो. ती रडायला लागली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "तुम हम एक." मी पुढचं काय बोलले न्हाई. बोलायला पायजे होतं.

त्यानंतर ती रोज काही ना काही वर पाठवायची. मला घास गोड लागेना.

हत्ता

संजयनं सुट्टी काढून आमाला हत्ता म्हणून गावाला नेलं. दीड तास लागतो. आधी वाळू, मग उघडे डोंगर, भाजलेल्या वांग्याच्या रंगाचे. उम खलीलला बी घेतलं. पोचल्यावर कळलं, तिथं बघायचं काय तर धरण. संजयच्या ध्यानात आलं न्हाई. तो मांडीवर होता गाव गेलं तवा. त्याला धरण म्हणजे सहलीची जागा.

हिरवं पाणी, त्यात पिवळ्या-लाल होड्या, पोरं वल्ही मारतायत. आर्या आणि मनीषा होडीत बसल्या. मी पाण्याकडं पाठ करून बाकड्यावर बसले. उम खलील शेजारी.

"पीठ क्यों?" ती म्हणाली.

मी म्हणलं, "पानी नहीं देखने का." मग वाटलं, आता अर्धं बोलून चालायचं न्हाई. तोडकंमोडकं सगळं सांगितलं. सरकारनं आमाला दुसऱ्याचं रान दिलं. त्यांना विचारलं न्हाई. त्यांची माणसं आमच्या टाकीत माती टाकायची, आमचे बैल सोडून द्यायची. आमीबी मग त्यांचं पाणी अडवलं. त्यांच्या समाध्या माझ्या रानात हायत. एक बाई येते अवसेला. आता भिंत घालायचीय.

"कौन बनाता दीवार?"

"हम."

"हम कौन?"

"मेरा सही बाकी है."

ती पाण्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमको डैम ने निकाला. उस औरत ने निकाला?"

"नहीं."

"तो?"

मी म्हणलं, आमाला सरकारनं दिलं, कागद हाय. ती म्हणाली, "हमारे पहाड़ पर भी सबके पास कागज़ है." रागानं न्हाई म्हणाली. उठली आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. येताना शारजापर्यंत एक शब्द बोलली न्हाई. मनीषा म्हणाली, "आई, भांडलात का दोघी?" मी म्हणलं, "न्हाई. तिनं माझं ऐकून घेतलं."

चार दिवस पाचव्या मजल्यावरचं दार बंद होतं. चपला बाहेर असायच्या, म्हणजे ती आत होती. मी लिफ्टमधनं मुद्दाम पाच दाबायची, दार बघायची, वर यायची. तेवढ्यात भाऊजींचा कागद आला. संजयनं खालच्या टायपिंगच्या दुकानात तो काढून आणला आणि फ्रीजवर चुंबकानं लावून ठेवला. भाऊजींचा रोज फोन. "वहिनी, गवंडी बसून हाय. तुमी तिकडं एसीत बसलाय, हिकडं आमचा जीव चाललाय."

पाचव्या दिवशी ती वर आली. रिकाम्या हातानं आली, तसं ती कधी येत न्हाई. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली.

"उसका नाम क्या?"

"किसका?"

"दिया वाली."

 चाळीस वर्षं ती बाई माझ्या बांधावरनं जाते. आमी तिला अवसवाली म्हणतो. माझे सासरे म्हणायचे, ती गाववाली आली बघ. तिचं नाव मला माहीत न्हाई. कधी विचारलंच न्हाई.

 मी म्हणलं, नाव माहीत न्हाई, पण तिची एक गोष्ट माहीत हाय. आणि मग मी जे संजयला बी धड सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. पत्र्याच्या शेडात माझी मुलगी गेली, आठ महिन्यांची. तापानं. लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरतात. आमाला त्या मुलखात कोणी जागा दाखवीना. ह्यांनी रानात त्या समाध्यांच्या कडेला खड्डा घेतला. मला भ्या वाटलं, गाववाले उकरून टाकतील. पुढची अवस आली. ती बाई आली, मी शेडाच्या आडनं बघत होते. ती त्या ताज्या मातीपाशी थांबली. मग दिवे लावून गेली. मी जाऊन बघितलं. समाध्या तीन, दिवे चार.

"चार?"

"चार. तवापासून दर अवसेला चार."

उम खलीलनं डोळे मिटले. "और तुम दीवार बनाती."

 चौथा दिवा आपण लावू, असं मनाशी म्हणून मी तो विषय ढकलला होता. मी तिला पाणी दिलं. तिनं अर्धं प्यायलं, अर्धं मला दिलं, आणि गेली. सायंकाळी बघितलं तर पाचव्या मजल्याचं दार उघडं होतं.

फोन

संजय कामावरनं आला. मी म्हणलं, भाऊजींना फोन लाव, तोंड दिसणारा. लावला.

"भाऊजी, माझ्या हद्दीत तीन हात जागा मोकळी सोडा. वाट हाय तिथं. दार लावायचं न्हाई, कुलूप लावायचं न्हाई."

"वहिनी, डोकं फिरलं का? वाट ठेवली की उद्या सातबारा मागतील."

"मागू देत. कोर्ट हाय."

"सगळ्या वसाहतीनं ठरवलंय. एका बाईसाठी भिंत अडवणार तुमी?"

"भिंत घाला की. तीन हात सोडून घाला."

"लोक काय म्हणतील?"

"आक्काला म्हातारचळ लागला म्हणतील. म्हणू देत."

भाऊजी रागानं म्हणाले, संज्याला द्या. संजय फोन घेऊन गॅलरीत गेला. परत आला तवा त्याचं तोंड उतरलेलं. "आई, आपण काय चोरी केलीय का त्यांची? आपलं बी गाव गेलंच की. सरकारनं दिलं ते घेतलं."

"खरंय बाळा. सरकारनं दिलं. पण राहतंय कोण?"

तो बसला. दिवसभर लोखंडासमोर उभा राहून पाय सुजलेले त्याचे. मला वाईट वाटलं, त्याच्या चुलत्याशी त्याचं वाकडं यायला नको होतं. मग मी त्याला त्याच्या बहिणीचं सांगितलं, कुठं पुरलीय ते. त्याला शेडात गेली एवढंच ठाऊक होतं. त्यानं उठून फ्रीजवरचा कागद काढला, चष्मा लावला, पेन घेतलं. "नुसतं तोंडानं सांगून चालत न्हाई," म्हणाला. "कागदावर नीट लिहावं लागतं." त्यानं कागदाच्या खाली चार ओळी लिहिल्या: पायवाट तीन हात, कायमची उघडी, आधीच्या मालकाच्या घरच्यांना येण्याजाण्याला. ह्या अटीवर संमती. मला वाचून दाखवलं. मी सही केली. त्यानं फोटो काढून पाठवला आणि जेवायला बसला. त्या रात्री मी देवाला हात जोडले ते माझ्या लेकासाठी.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन उम खलीलला सांगितलं. मला वाटलं गळ्यात पडंल. ती पराती पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "ये तुमने उसके लिए किया. मेरे पहाड़ पे कोई दरवाज़ा नहीं."

"हां," म्हणलं.

"तुम अच्छा किया, ऐसा मैं नहीं बोलेगी."

"मत बोलो."

मग तिनं चहा ठेवला, पुदिना घालून. "पियो, उम संजय." आमी प्यायलो. तिला मला माफ करायचं कारण न्हाई, आणि मी मागितली बी न्हाई. पण तिनं चार दिवस दार लावून विचार केला आणि मग जिना चढून माझ्याकडं आली, हे माझ्यावर मोठे उपकार हायत. तिच्या जागी मी असते तर आले असते का, सांगता येत न्हाई.

निघायच्या दिवशी ती खाली गाडीपर्यंत आली. मला त्या पाल्याच्या सुक्या पानांची पुडी दिली आणि म्हणाली, "नाम पूछो. फिर फोन करो." विमानात मला खिडकीची जागा मिळाली. एका फिलिपीन पोरीनं माझा पट्टा लावून दिला, उतरताना सोडवून बी दिला. परक्या मुलखात दोन महिन्यांत कोणी मला एक वाईट शब्द बोललं न्हाई, हे लिहून ठेवते.

परत

भिंत झाली होती. माझ्या हद्दीत तीन हात मोकळे होते, थोडे कमीच, अडीच भरतील. भाऊजी अजून माझ्या घरी चहा घेत न्हाईत. वसाहतीतल्या काहींनी माझ्याशी बोलणं कमी केलंय. चालायचंच.

अवस आली. मी मोकळ्या जागेपाशी जाऊन बसले. ती बाई आली. माझ्याच वयाची, जरा वाकलेली. भिंत बघितली, मग मोकळी जागा बघितली. हातानं भिंतीची कड चाचपली. या म्हणावं असं माझ्या ओठावर आलं, पण तिच्याच रानात तिला या कसं म्हणायचं? मी नुसती बाजूला सरकले.

ती गेली. दिवे लावले. चार. परत येताना मी उभी राहिले.

"तुमचं नाव काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरळ. "कशाला? भिंतीच्या कागदावर घालायचंय का?"

"न्हाई. शारजात एक बाई विचारत होती."

"तिकडं मला कोण ओळखतंय?"

"तिचंबी रान गेलंय."

ती थांबली. पदर नीट केला. "कुणी घेतलं?"

"आमच्यासारख्यांनी."

वाऱ्यानं दिवे हलत होते, तिनं एकदा वळून तिकडं बघितलं. मग म्हणाली, "गंगव्वा." दोन पावलं पुढं गेली आणि परत वळली. "तिचं काय नाव?"

"समीहा."

"समीहा," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणून बघितलं, जिभेवर बसावं म्हणून. आणि वाटेला लागली.

माझं नाव तिनं विचारलं न्हाई. मी बी आपणहून सांगितलं न्हाई.